यंत्रमागांच्या शेजारी कोळ्यांचे प्रणयाराधन नोंदवताना

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी घराच्या भिंतींवर राहणारा, जाळे न विणता उडी मारून शिकार करणारा प्लेक्सिपस पायकुली हा कोळी निवडला. सोलापूरच्या पूर्व भागातील आमच्या घरात तो सहज सापडतो आणि नर काळा-पांढरा पट्टेदार, तर मादी तपकिरी असल्याने दोघांतला फरक लगेच कळतो.

पहिला महिना वाया गेला. भिंतीवरून पकडलेल्या प्रौढ मादीसमोर नर सोडला की तो पुढचे पाय उंचावून नागमोडी चालीने जवळ येई आणि मादी त्याच्या अंगावर धावून जाई. एकदा मी मध्ये पडण्यापूर्वीच तिने त्याला धरले, आणि ते पाहून मला फार वाईट वाटले. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी चूक दाखवून दिली: मिलन झालेली मादी नराचे शुक्राणू शरीरात साठवून ठेवते आणि त्यानंतर बहुधा दुसऱ्या नराला जवळ येऊ देत नाही, तेव्हा माद्या लहानपणापासून एकेकट्या वाढवायला हव्यात. त्याप्रमाणे मी पिल्ले वेगवेगळ्या डब्यांत ठेवली, केळीच्या सालींवर फळमाश्या वाढवल्या, एप्रिलच्या उन्हात डब्यांत ओला कापूस ठेवला आणि प्रत्येक मादीने शेवटची कात टाकण्याची वाट पाहिली. त्या कातीनंतरच तिच्या पोटाखालचे जननद्वार स्पष्ट दिसते. नराची तयारीही मला एकदाच, पहाटे, पाहता आली: त्याने इवलेसे जाळे विणले, त्यावर शुक्राणूंचा थेंब सोडला आणि तो तोंडाजवळच्या दोन आखूड अवयवांत शोषून घेतला.

जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकहॅम या दाम्पत्याने उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या अशा नृत्यांची वर्णने 1889 मध्येच प्रसिद्ध केली होती. मला मात्र नृत्याइतकीच कंपनेही टिपायची होती, कारण मादी स्वतः विणलेल्या रेशमी पिशवीत बसलेली असली की नराच्या हावभावांचा फारसा उपयोग होत नाही; तो पिशवीचे रेशीम हलवतो आणि मादीला ते पायांवरील सूक्ष्म चिरांसारख्या ज्ञानेंद्रियांनी जाणवते. जुन्या खेळण्यातली पिझो चकती (कंपनांचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारी पातळ चकती) पिशवीखालच्या कागदाला चिकटवून मी मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले, तर त्यात शेजारच्या यंत्रमागांच्या खटखटाटाखेरीज काहीच नव्हते. वाळूचा ट्रे आणि त्याखाली चौपदरी सोलापुरी चादर घेऊनही हादरे थांबेनात. शेवटी माग बंद असलेल्या सुट्टीच्या दिवशी, पंखासुद्धा बंद करून, भर दुपारी मी बसले. नर पिशवीच्या तोंडाशी आला, थबकला, आणि मुद्रणात थोड्या थोड्या अंतराने आखूड, सारख्या कंपनांचे पट्टे उमटले. उजेडात पायांनी बोलणारा तोच नर इथे रेशमातून बोलत होता.

मॅडमनी तेच मुद्रण आणखी तीन नरांवर करून आणायला सांगितले. त्यासाठी तीन सुट्ट्या गेल्या. प्रबंध सादर केला त्या आठवड्यात पहिल्या मादीने डबीच्या झाकणाला रेशमी कोश करून अंडी घातली, आणि आईने ते झाकण स्वतःच्या हातांनी दाराच्या चौकटीमागे ठेवले.