अस्वलांच्या रानात चिवड्याला बंदी

अमेरिकेतील मॉन्टाना राज्यात राहणाऱ्या माझ्या मावसभावाने एल्क जातीच्या हरणाच्या शिकारीला सोबत येण्याचे निमंत्रण दिले, तेव्हा नाशिकच्या घरी पहिला आक्षेप आईने घेतला, आणि तो अस्वलांविषयी नव्हता. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आणलेली असताना तू बंदूकवाल्यांबरोबर कशाला हिंडतोस, असे तिचे म्हणणे होते. तिकडे हंगाम आणि परवाने सरकारच ठरवते, परवाना दादाचा आहे आणि मी केवळ ओझे वाहायला जाणार आहे, असे सांगून मी तिची समजूत काढली. अस्वलांचा विषय मात्र मुद्दाम काढला नाही.

दादाने तो काढला होता, आणि माझ्या होकाराआधीच काढला होता. ऑक्टोबरअखेर थंडी पडते, त्यामुळे अस्वले तोवर झोपी गेलेली असतील, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात हिवाळी झोपेपूर्वी चरबी साठवण्यासाठी त्यांची दिवसभर खाखा चाललेली असते, आणि शिकारी नेमका त्याच दिवसांत पहाटेच्या अंधारात, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, पाय न वाजवता चालत असतो. अस्वलांच्या रानात बोलत, टाळ्या वाजवत चालावे हा पहिला नियम, आणि शिकाऱ्याला तोच पाळता येत नाही. निफाडकडे आमच्या मामांच्या उसात रात्री पाणी भरायला जाणारी माणसे बॅटरी आणि काठी घेतात, मोबाइलवर मोठ्याने गाणी लावतात, एकट्याने खाली वाकून बसत नाहीत. बिबट्यासाठी ते योग्यच आहे. पण बिबट्याला आपल्या डब्यात रस नसतो, अस्वलाला आधी डब्यातच असतो.

माझी खरी परीक्षा म्हणूनच सामान भरताना झाली. आईने दिलेला चिवडा, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट, शिवाय माझे खोबरेल तेल, बाम आणि उदबत्तीचा पुडा, या सगळ्यांवर दादाने व्हिडिओ कॉलवर एकामागून एक काट मारली. तंबूत वासाची कोणतीही वस्तू नको, आणि त्यात टूथपेस्ट, साबण, इतकेच काय, स्वयंपाक करताना अंगावर असलेला सदराही येतो. निजण्याची जागा, चुलीची जागा आणि अन्न टांगण्याची जागा या तिन्हींमध्ये प्रत्येकी सुमारे शंभर यार्ड, म्हणजे ९१ मीटर अंतर ठेवायचे. अन्नाची पिशवी जमिनीपासून किमान दहा फूट उंच आणि खोडापासून चार फूट दूर लोंबली पाहिजे, असा तिथल्या वनखात्याचा नियमच आहे.

ऐकायला सोपे वाटणारे हे काम मी त्र्यंबक रस्त्यावरच्या मित्राच्या शेतात आंब्याच्या झाडावर करून पाहिले. दोरीला दगड बांधून ती फांदीवरून पलीकडे टाकण्यात अर्धा तास गेला, आणि एवढ्या कष्टाने टांगलेली पिशवी माकडांनी दोरीवरून उतरून दहा मिनिटांत फाडली. दादा पोट धरून हसला. परंतु काळे अस्वलही उत्तम चढते, त्यामुळे एका फांदीवर विसंबून न राहता दोन झाडांमध्ये दोरी ताणून तिच्या मधोमध पिशवी टांगायची, हा धडा मला माकडांनीच दिला.

अस्वल अंगावर आलेच तर त्याच्या तोंडावर मारायच्या तिखटाच्या फवाऱ्याचा डबा मात्र इथून नेता येत नाही. विमानात तो हातातल्या पिशवीतही चालत नाही आणि खाली दिलेल्या सामानातही नाही. तिथे पोहोचल्यावर विकत घेतला आणि सरावासाठी तिखट नसलेला दुसरा डबा घेऊन अंगणात दोन संध्याकाळी पट्ट्यावरून तो काढणे, पिन ओढणे आणि किंचित खाली रोखून दाबणे एवढेच करत राहिलो. त्यामागचा हिशेब साधा आहे. फवारा जेमतेम आठ-नऊ मीटर जातो, तर धावणारे अस्वल सेकंदाला सुमारे पंधरा मीटर अंतर कापते. पाठीवरच्या पिशवीत ठेवलेला डबा त्या वेळी नसल्यासारखाच, आणि पळून जाण्याचा तर प्रश्नच उद्भवत नाही.

दादाने आणखी एक गोष्ट घोकून घेतली. खांद्यावर उंचवटा, खोलगट चेहरा आणि लांब नख्या दिसल्या तर ते काळे नव्हे, ग्रिझली जातीचे अस्वल. रंगावर विसंबू नये. दचकलेल्या ग्रिझलीने अंगावर येऊन गाठलेच, तर पालथे पडून मानेवर हात धरायचे आणि निपचित राहायचे. काळ्या अस्वलाशी मात्र झगडायचे, आणि रात्री तंबूत शिरणाऱ्या कोणत्याही अस्वलाशीही झगडायचेच. ग्रिझलीला तिथे १९७५ पासून कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे बंदूक जवळ आहे म्हणून निर्धास्त होण्याचे कारण नव्हते.

पहिल्या दोन रात्री काही घडले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी दादाला एक नर एल्क मिळाला, आणि खरा धोका तिथून सुरू झाला, कारण रक्ताचा वास दूरवर जातो आणि माणसे खाली मान घालून सुरी चालवत असतात. आमच्यापैकी एकाने फक्त पहारा करायचा असे ठरले होते. तो मीच होतो. दोन तास मी चहूबाजूंनी झाडी न्याहाळत, फवाऱ्यावर हात ठेवून उभा राहिलो, आणि इतके कंटाळवाणे व इतके ताणाचे काम मी पूर्वी कधी केले नव्हते. आतडी तिथेच सोडून मांस आम्ही शंभर यार्डांवर, लांबून दिसेल अशा ठिकाणी टांगले, त्याला नारिंगी फीत बांधली आणि अंधार पडण्यापूर्वी पहिली खेप घेऊन निघालो.

सकाळी दुर्बिणीतून आधी फीत पाहिली. ती जागच्या जागी होती. आतडी मात्र नाहीशी झाली होती आणि रात्रीच्या हिमात बोटांच्या बऱ्याच पुढे नख्यांचे ठसे उमटले होते. आता गुपचूप राहण्याचे कारण उरले नव्हते. दादा म्हणाला, ‘‘ओरड काहीतरी!’’ मला त्या क्षणी एकच सुचले. नाशिकरोड, उपनगर, द्वारका, सारडा सर्कल, शालिमार, सीबीएस, असे थांबे कंडक्टरच्या आवाजात पुकारत मी पाठीवर मांस घेऊन उतरलो, आणि गाडीचे दार लावेपर्यंत माझी बस दुसऱ्यांदा सीबीएसला पोहोचली होती.