पावसाचा अंदाज आणि दोनदा कापले जाणारे गुण

आज पुण्यात पाषाणला आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या मित्राशी मनसोक्त गप्पा झाल्या. विषय अर्थातच पाऊस.

हवामानाचं मॉडेल तपासतात कसं, हे त्याने कागदावर दोन गोल काढून दाखवलं. एक अंदाजातला पाऊस, दुसरा पर्जन्यमापकात मोजलेला. समजा पाऊस त्याच दिवशी आला, पण ५० किलोमीटर बाजूला. मग गुण दोनदा कापले जातात. सांगितला तिथे पडला नाही म्हणून, आणि पडला तिथे सांगितला नव्हता म्हणून! आपल्या सह्याद्रीत तर हे फारच अवघड. महाबळेश्वर सोडून वाई ओलांडली की पाऊस किती झपाट्याने कमी होतो, बघा ना.

पावसाचे अंदाज सुधारण्यासाठी २०१२ मध्ये केंद्र सरकारचं मान्सून मिशन सुरू झालं. २०२४ मध्ये केंद्राच्याच ‘मिशन मौसम’ या हवामान-अंदाजाच्या योजनेला दोन वर्षांसाठी २००० कोटी मंजूर झाले, याचा मला मनापासून आनंद आहे. बातमी होते ती सुपरकॉम्प्युटरची. पण पर्जन्यमापक, रडार आणि अंदाज-प्रत्यक्षाचा ताळा घालत बसणारी माणसं, त्यांच्यासाठीही पैसा लागतोच.

जूनमध्ये एक सर पडते, पेरण्या होतात आणि मग पाऊस ओढ देतो. दुबार पेरणीचं बियाणं पुन्हा उधारीवर. ही ओढ दोन आठवडे आधी सांगता यावी, या निधीतून मला सगळ्यात आधी तेच हवंय.