लोबुचेहून खाली

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवरून परत येऊन आता सहा आठवडे झाले. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत, भाजीबाजारात आणि सकाळी टेकडीवर फिरायला येणाऱ्या मंडळींत एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारला जातो : 'तुमच्या सहलीत हेलिकॉप्टर होतं ना, मग तुमच्या यजमानांना एवढा त्रास कसा झाला?' हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी काही जण स्वतः पुढच्या हंगामात जाण्याच्या विचारात आहेत. त्यांना उभ्याउभ्या दिलेले उत्तर अपुरे राहते, म्हणून जे घडले ते इथे सविस्तर लिहीत आहे.

आम्ही पाच जण होतो. सगळे पन्नाशीच्या पुढचे, सह्याद्रीत अनेक वर्षे फिरलेले. वर्षभर आम्ही तयारी केली. आठवड्यातून तीन दिवस पाठीवर सात-आठ किलोची पिशवी घेऊन इमारतीचे सोळा मजले चढायचे आणि उतरायचे, रविवारी कधी राजमाची, कधी हरिश्चंद्रगड, आणि पावसाळ्यानंतर दोनदा कळसूबाई. या तयारीचा गुडघ्यांना आणि छातीला खरोखरच उपयोग झाला. मात्र कळसूबाईचे शिखर 1,646 मीटरवर आहे आणि तेच महाराष्ट्रातील सर्वांत उंच ठिकाण आहे. ज्या उंचीवर विरळ हवेचा त्रास सुरू होतो ती उंची आपल्या राज्यात कुठेच नाही, त्यामुळे मुंबईत राहून पायांची तयारी करता येते, रक्ताची आणि श्वासाची करता येत नाही.

चौकशी करताना एका सहल आयोजकाने आम्हाला पाच दिवसांचा कार्यक्रम दाखवला होता. काठमांडूहून हेलिकॉप्टरने थेट वाटेवरच्या नामचे या गावाच्या वरच्या स्यांगबोचे येथील धावपट्टीवर, म्हणजे 3,780 मीटरवर उतरायचे, तिथून चालायला लागायचे आणि परतीलाही हेलिकॉप्टर. रजा कमी लागते, म्हणून तो कार्यक्रम आमच्यातील एका मित्राला पसंत होता. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मात्र तो कागद पाहताच बाजूला ठेवला. काठमांडू साधारण 1,400 मीटरवर आहे. तिथून तासाभरात 3,780 मीटरवर नेऊन सोडलेल्या माणसाचे शरीर त्याच रात्री तक्रार करण्याची शक्यता फार मोठी असते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

त्यांनी समजावलेली गोष्ट मी पुढे अनेकांना सांगितली आहे. उंचावरच्या हवेतही प्राणवायूचे प्रमाण इथल्याइतकेच, सुमारे 21 टक्के असते. कमी होतो तो हवेचा दाब. बेस कॅम्पच्या 5,364 मीटर उंचीवर हा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, म्हणजे प्रत्येक श्वासातून निम्माच प्राणवायू हाती लागतो. शरीर त्यावर पहिला उपाय म्हणून श्वास वाढवते, पण श्वास वाढला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्ताची आम्लता बदलते आणि मेंदू श्वासाला पुन्हा आवर घालू लागतो. ही अडवणूक सोडवण्याचे काम मूत्रपिंडे करतात. ती जादा बायकार्बोनेट बाहेर टाकतात, आणि या कामाला काही तास नव्हे, काही दिवस लागतात. डायमॉक्स ही गोळी याच कामाला गती देते. म्हणूनच तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून फार उंच नसावा आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, असा नियम आहे. आम्ही अखेर नामचे आणि दिंगबोचे या दोन्ही ठिकाणी दोन-दोन रात्री असलेला कार्यक्रम निवडला.

जाताना हेलिकॉप्टर घ्यावे लागले ते वेगळ्या कारणाने. पायी वाट जिथून सुरू होते त्या लुक्लाची विमाने गर्दीच्या हंगामात बहुतांशी काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात. तिथे पोहोचायला मध्यरात्री निघून चार-पाच तासांचा घाटरस्ता करावा लागतो, आणि एवढे करूनही ढग आले तर विमान उडत नाही. आम्ही पैसे मोजून काठमांडूहून हेलिकॉप्टरने पाऊण तासात लुक्लाला उतरलो. लुक्ला 2,860 मीटरवर आहे, आणि त्या दिवशीचा मुक्काम त्याहून खाली, 2,610 मीटरवरच्या फाकदिंगला होता, त्यामुळे या उड्डाणाचा शरीरावर फारसा ताण आला नाही. लुक्लाची धावपट्टी मात्र मी बराच वेळ पाहत उभी राहिले. जेमतेम 527 मीटर लांब, एका टोकाला डोंगर आणि दुसऱ्या टोकाला दरी, आणि मध्ये आपल्या घाटरस्त्यासारखा स्पष्ट दिसणारा चढ. सर एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने 1964 साली ती तयार झाली.

पुढचे पाच-सहा दिवस फार सुंदर गेले. दूधकोसी नदीवरचे झुलते पूल, उजव्या हाताला ठेवून ओलांडायच्या, मंत्र कोरलेल्या दगडांच्या मणी भिंती, तेंगबोचेच्या मठाबाहेर संध्याकाळी ढग बाजूला झाल्यावर दिसलेले आमा दब्लाम शिखर, हे सगळे मी स्वतंत्रपणे लिहिणार आहे. इथे सांगायचे आहे ते आमच्या गाईडविषयी. चाळिशीतले ते शेर्पा गृहस्थ रोज रात्री जेवणानंतर आमच्या बोटाला ऑक्सिमीटर लावत, आकडा वहीत लिहीत, आणि नंतर प्रत्येकाला जे तीन प्रश्न विचारत, त्यांना त्या आकड्याहून अधिक महत्त्व देत : डोके दुखते का, जेवण गेले का, झोप लागली का. दिंगबोचेच्या दुसऱ्या रात्री यजमानांनी तिन्ही प्रश्नांना ठीक म्हणून उत्तर दिले. त्यांचे डोके सकाळपासून दुखत होते, आणि ते मला ठाऊक होते. 'अहो, सांगा ना त्यांना,' असे मी दोनदा म्हटले. 'आपल्यामुळे सगळ्यांचा एक दिवस वाया जाईल,' असे म्हणून ते गप्प राहिले, आणि मीही गप्प राहिले. या प्रवासातील एवढी एकच गोष्ट मी आजही स्वतःला माफ केलेली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही 4,940 मीटरवरच्या लोबुचेला पोहोचलो. वाटेत थुक्लाचा चढ लागतो आणि त्याच्या माथ्यावर एव्हरेस्टवर गेलेल्या गिर्यारोहकांची दगडी स्मारके आहेत. तिथे सगळे थांबले, यजमान मात्र न थांबता पुढे चालत राहिले. त्यांना थांबले की उलटी होईल असे वाटत होते, हे मला नंतर कळले. लॉजवर पोहोचल्यावर त्यांनी लसणाचे सूप घेतले आणि ते लगेच उलटून पडले. पॅरासिटामॉलने डोके उतरले नाही. चारच्या सुमारास गाईड खोलीत आले. त्यांनी यजमानांना बाहेरच्या अंगणात नेले आणि काठीने मातीत एक रेघ ओढून तिच्यावरून, टाचेला बोट लावत, सरळ चालायला सांगितले. पाचव्या पावलाला त्यांचा तोल उजवीकडे गेला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तसेच झाले.

मी त्या वेळी जे बोलले ते इथे लिहिते, कारण माझ्या जागी असलेला बहुतेक प्रत्येक जण तेच बोलेल. मी म्हणाले, आमचा विमा आहे, हेलिकॉप्टर बोलवा. गाईडनी मला दरीकडे पाहायला सांगितले. खालून ढग इतके वर आले होते की शंभर पावलांवरची लॉजही अस्पष्ट झाली होती. 'दीदी, आज नहीं आएगा,' ते म्हणाले. 'कल सुबह शायद आएगा. लेकिन सर को रात यहाँ नहीं रखना.' त्यांनी सहायक गाईडला बाकीच्या तिघांजवळ ठेवले, एका भारवाहकाला यजमानांची पिशवी उचलायला सांगितली, आणि अर्ध्या तासात आम्ही चौघे खाली निघालो. वैमानिकाला या दऱ्यांमधून डोळ्यांनी वाट पाहतच उडावे लागते आणि दुपारनंतर ढग भरले की सगळे बंद होते, ही गोष्ट कार्यक्रमपत्रिकेवरच्या हेलिकॉप्टरच्या छायाचित्रातून कुणाच्याच लक्षात येत नाही.

लोबुचेहून खालच्या फेरिचे गावापर्यंतची ती वाट साडेतीन तासांची झाली. थुक्लाच्या उतारावर अंधार पडला. एका बाजूने गाईड आणि दुसऱ्या बाजूने भारवाहक यजमानांच्या दंडाला धरून चालत होते. भारवाहकाच्या कपाळावर नाम्लोचा पट्टा होता, पाठीवर डोको, म्हणजे बांबूची टोपली होती, आणि तीत आमच्या दोघांचे सामान होते. मी मागून डोक्यावरच्या विजेरीचा उजेड त्यांच्या पावलांपुढे धरत होते. थुक्ला मागे पडल्यावर, खालच्या मोकळ्या माळावर, यजमानांनी पाणी मागितले. दुपारपासून त्यांनी आपणहून मागितलेली ही पहिली गोष्ट होती. गाईडनी घड्याळात पाहिले आणि एवढेच म्हणाले, 'अभी ठीक दिशा में है.'

फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे. 1973 पासून तो चालू आहे आणि वसंत व शरद या दोन हंगामांत तिथे डॉक्टर राहतात. त्या रात्री यजमानांना प्राणवायू आणि सूज उतरवणारे डेक्सामेथासोन हे औषध देण्यात आले. मेंदूला सूज येण्याची ती सुरुवात होती आणि त्यावरचा खरा उपचार तुम्ही इथे येण्यापूर्वीच करून आला आहात, असे डॉक्टरांनी सांगितले; तो उपचार म्हणजे खाली उतरणे. सकाळी यजमान स्वतःच्या पायांनी अंगणात आले आणि मातीत आपणच रेघ ओढून तिच्यावरून चालून पाहू लागले. दोन दिवस तिथेच काढायचे आणि वर मुळीच जायचे नाही, अशी सूचना मिळाली.

त्या दोन दिवसांत मला गाईडशी पुष्कळ बोलता आले. या भागात हेलिकॉप्टरने कितीतरी जीव वाचवले आहेत, हे ते आदराने सांगत होते. एव्हरेस्टवरच्या 1996 च्या भीषण वादळानंतर लेफ्टनंट कर्नल मदन खत्री क्षेत्री यांनी खुंबू हिमप्रपाताच्या, म्हणजे बेस कॅम्पच्या वरच्या हिमनदीच्या तुटक्या उताराच्याही वर, सुमारे सहा हजार मीटरवर हेलिकॉप्टर नेऊन दोघांना खाली आणले होते. 14 मे 2005 रोजी दिदिए देल्साल या फ्रेंच वैमानिकाने तर एव्हरेस्टच्या माथ्यावरच हेलिकॉप्टर टेकवले. पण गरज नसताना रुग्णाला आजारी ठरवून हेलिकॉप्टर बोलवायचे आणि विमा कंपनीकडून पैसे उकळायचे, असाही प्रकार इथे चालत होता, आणि 2018 साली नेपाळ सरकारने त्याची चौकशी केली. आपल्याला लोबुचेवर त्या रात्री थांबवून सकाळी हेलिकॉप्टर मागवणारा गाईड भेटला असता तर आपल्याला त्यात काही वावगे वाटले असते का, हा विचार मी अनेकदा केला आहे. वाटले नसते. उलट आपली किती काळजी घेतली, असेच वाटले असते.

आमच्या तिघा मित्रांनी बेस कॅम्प गाठला, काला पत्थरवरून सूर्योदय पाहिला, आणि ठरल्याप्रमाणे बेस कॅम्पच्या खालच्या गोरक्षेप या वस्तीहून हेलिकॉप्टरने फेरिचेला आले. तेसुद्धा दोन खेपांत, कारण 5,164 मीटरवरच्या विरळ हवेत पात्यांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची शक्तीही घटते, त्यामुळे तिथून एका खेपेत फार माणसे उचलता येत नाहीत. फेरिचेला सगळ्यांना एकत्र करून पुढे नेतात. आम्ही दोघे तिथेच त्यांच्यात सामील झालो. बेस कॅम्प पाहायचा राहिला याचे दुःख मला झाले, आणि ते अजूनही आहे. मित्रांची छायाचित्रे पाहताना ते लपवण्याचे मला कारण वाटत नाही.

परतीच्या हेलिकॉप्टरविषयी माझे मत मात्र पूर्वीसारखे राहिलेले नाही. उतरताना ते शरीराला अपाय करत नाही, गुडघे वाचतात, तीन दिवसांची रजा वाचते. पण ते तीन दिवस आपण ज्या गावांतून चालत उतरलो असतो, तिथल्या लॉजवाल्यांचे जेवण आणि मुक्काम बुडतो. खुंबूतील, म्हणजे या परिसरातील, लोकांनी या उड्डाणांना उघड विरोध केला आहे आणि त्यात उत्पन्नाइतकाच आवाजाचा आणि वन्यजीवांचाही मुद्दा आहे. फेरिचेच्या दोन दिवसांत सकाळच्या वेळी मी ती घरघर सतत ऐकली, आणि प्रत्येक वेळी दवाखान्याच्या अंगणातील माणसे मान वर करून पाहत, कारण त्यातले कोणते हेलिकॉप्टर रुग्णासाठी आहे आणि कोणते पर्यटकांसाठी हे खालून कळत नाही. पुन्हा गेले तर मी चालत उतरेन.

जाऊ इच्छिणाऱ्यांनी आयोजकाला हेलिकॉप्टरची किंमत विचारण्यापूर्वी नामचे आणि दिंगबोचेला किती रात्री आहेत, कुणी आजारी पडल्यास त्याच्याबरोबर खाली कोण येणार, आणि उरलेल्यांजवळ कोण राहणार, हे विचारावे. विम्याच्या कागदावर किती मीटरपर्यंत संरक्षण आहे तेही स्वतः वाचून घ्यावे. अनेक साध्या प्रवास विम्यांत एवढी उंची बसत नाही, आणि पैशांची हमी मिळाल्याशिवाय बचावाचे हेलिकॉप्टर सहसा निघत नाही. आणि डोके दुखत असेल तर ते त्याच रात्री सांगावे.

भारवाहकाचा निरोप आम्हाला नीट घेता आला नाही. त्यांचे बक्षीस आदल्या रात्री पाकिटात घालून दिले होते, पण बोलायचे ते सकाळसाठी ठेवले होते, आणि सकाळी पात्यांच्या आवाजात आणि उडणाऱ्या धुळीत कुणाचेच काही कुणाला ऐकू गेले नाही. यजमानांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले, तेवढ्यात आम्हाला वाकून धावायला सांगितले गेले. दार बंद झाल्यावर मी खाली पाहिले तेव्हा ते रिकामा डोको पाठीला लावून वाटेला लागलेले दिसले. आम्ही पंधरा मिनिटांत लुक्ला ओलांडले, दुपारी काठमांडूत जेवलो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुंबईत उतरलो. विमानतळाबाहेर टॅक्सीची वाट पाहत असताना गाईडचा संदेश आला की तेही आत्ताच चालत लुक्लाला पोहोचले आहेत, आणि सरांची तब्येत कशी आहे असे विचारत आहेत.