लिंबाखालचा पर्जन्यमापक

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. रेणापूर तालुक्यातल्या एका गावात दोन कामं होती: पावसाळ्याआधी पर्जन्यमापक तपासायचा आणि दुपारी मारुतीच्या पारावर पेरणीपूर्व बैठक घ्यायची. मापकाचं झाकण काढत होते, तेवढ्यात एका काकांनी मोबाईल पुढे केला.

"मॅडम, समुद्रातला प्रवाह बंद पडायलाय म्हणे. यंदापासून पाऊसच न्हाई. मग बियाणं घ्यावं का न्हाई?"

चित्रफीत गावभर फिरली होती. दोन जणांनी सोयाबीनच्या बॅगा दुकानात परत नेल्या होत्या. हे सगळं खोटं आहे म्हणून विषय झटकता आला नसता, कारण त्याच्या मुळाशी खरी गोष्ट आहे. "चार वाजता पारावर दाखवते," म्हटलं आणि तयारी सांगितली: काचेची मोठी बरणी, खडे मीठ, जिलेबीचा केशरी रंग, जनावरांच्या दवाखान्यातून सलाईनची नळी.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. तेवढंच खारं पाणी केलं. बरणीतलं कोमट राहू दिलं. एक लिटर वेगळं काढून त्यात रंग घातला आणि बाटल्या किराणा दुकानाच्या फ्रीजमध्ये ठेवल्या.

चार वाजता पहिला प्रयत्न फसला. रंगीत पाणी वरून ओतल्यामुळे सगळी बरणी केशरी झाली. बरणी पुन्हा भरली, दहा मिनिटं स्थिर होऊ दिली आणि मग नळी काचेला टेकवून थेंबथेंब सोडलं. आता थंड खाऱ्या पाण्याची केशरी दोरी सरळ तळाला गेली आणि तिथं पसरली. ग्रीनलंड आणि आइसलंडच्या आसपासच्या समुद्रात हेच घडतं. दक्षिणेकडून आलेलं उबदार, खारं पाणी तिथं थंड होतं, जड होतं, खाली बुडतं आणि खोलवरून दक्षिणेकडे परततं. या चक्राला शास्त्रज्ञ एमॉक म्हणतात. चित्रफितीत मात्र गल्फ स्ट्रीम, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतचा उबदार प्रवाह, बंद पडणार असं होतं. गल्फ स्ट्रीमला मुख्यतः वारा ढकलतो. वारा आहे आणि पृथ्वी फिरते आहे तोवर तो वाहणार. काळजी आहे ती या बुडण्याची.

या चक्राचा प्रवाह केवढा? सेकंदाला सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर. मांजरा धरणाचा उपयुक्त साठा १७७ दशलक्ष घनमीटर. म्हणजे भरलेलं मांजरा दहा-अकरा सेकंदांत रिकामं होईल. हा आकडा ऐकल्यावर पारावर शांतता पसरली.

मग उरलेल्या केशरी पाण्यात चौथा हिस्सा फ्रीजमधलं गोडं पाणी मिसळलं. आता ते तळाला जाईना, मध्येच घुटमळलं. आणखी तेवढंच गोडं पाणी घातल्यावर ते वरच तरंगलं. पाणी पहिल्याइतकंच थंड होतं, फक्त मीठ कमी झालं होतं. ग्रीनलंडचा बर्फ वितळून गोडं पाणी त्या समुद्रात जातं, त्याचा धोका हाच. पुढची अडचण बरणीत दिसत नाही: बुडणं मंदावलं की दक्षिणेकडून मीठही कमी येतं, मग पाणी आणखी हलकं होतं, बुडणं आणखी मंदावतं. हेन्री स्टोमेल यांनी १९६१ मध्ये दोन टाक्यांच्या गणितातून हे दाखवून दिलं होतं.

"आन् आमच्या पावसाचं?"

चक्र बंद पडलं तर उत्तर गोलार्धाला मिळणारी उष्णता घटते, विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो आणि आपला मान्सून दुबळा होतो. याची खूण आपल्याच देशात आहे. सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिक एकाएकी गारठला होता. त्याच काळात मान्सून कमजोर होता, हे मेघालयातल्या मावम्लूह गुहेच्या चुनखडीच्या थरांत दिसतं. आधीच कोरडवाहू असलेल्या मराठवाड्यासाठी ही गोष्ट हलकी नाही, आणि पारावर ती हलकी करून सांगितली नाही.

पण कधी? कोपनहेगनच्या डिटलेव्हसेन भावंडांनी २०२३ मध्ये या शतकाच्या मध्याचा अंदाज मांडला, २०२५ ते २०९५ अशा रुंद पट्ट्यासह. आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचं मत असं की या शतकात प्रवाह मंदावणार हे जवळपास नक्की, पण २१०० पूर्वी तो अचानक कोसळणार नाही. आणि या दुसऱ्या भागावर त्यांचा विश्वास मध्यमच आहे. माझ्या मते ही अनिश्चितता दिलासा मानू नये. तरीही यंदाच्या मृगाचा पाऊस यावरून ठरत नाही. तो एल निनो, हिंदी महासागराचं तापमान आणि बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर ठरतो. म्हणून काकांना उत्तर दिलं: बियाणं घ्या, ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून सत्तर उगवतात का बघा, आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरू नका.

एका मुलाने विचारलं, प्रवाह मोजतात कसा? २००४ पासून २६.५ अंश उत्तर अक्षांशावर, बहामापासून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत, तळाला नांगरलेल्या तारांवर उपकरणं आहेत. २००९-१० मध्ये त्यांनी प्रवाह तब्बल ३० टक्क्यांनी घटलेला दाखवला. पुढे तो सावरला. लातूरकरांना हे वेगळं सांगावं लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्याअखेर शिवारं पाण्याखाली होती. एका वर्षावरून कल ठरत नाही.

यापेक्षा फ्लोरिडाच्या केबलची गोष्ट महत्त्वाची. फ्लोरिडा आणि बहामा यांच्यामधल्या समुद्राखालच्या टेलिफोन केबलमध्ये वाहत्या खाऱ्या पाण्यामुळे सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो. १९८२ पासून त्यावरून तिथला प्रवाह मोजत होते. नोंदी घट दाखवत होत्या. २०२४ मध्ये लक्षात आलं की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हळूहळू बदलतं, ते हिशेबात धरलेलं नव्हतं. दुरुस्तीनंतर तिथला प्रवाह जवळपास स्थिर निघाला.

आणि सकाळी मापकाजवळ हेच बघितलं होतं. गेल्या सहा-सात वर्षांत शेजारच्या गावांपेक्षा इथला पाऊस थोडा थोडा कमी नोंदला जात होता. तळ तपासला, समपातळीत. तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं, म्हणजे २० मिली पाणी बरोबर १ मिलिमीटर. २०० मिली मोजून काचपात्रात ओतलं, १० मिलिमीटर भरलं. यंत्र निर्दोष होतं. फक्त दहा पावलांवरचा लिंब वाढून त्याच्या फांद्या मापकावर आल्या होत्या. अडथळ्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर हवं; लिंब अंदाजे २५ फुटांचा, म्हणजे ५० फूट तरी.

पण मापक उचलून नुसता दुसरीकडे ठेवला तर जुनी नोंद तुटते. म्हणून बैठकीनंतर पोरांनी शाळेच्या मोकळ्या मैदानात दुसरा खड्डा घेतला, कडा जमिनीपासून ३० सेंटिमीटर ठेवून दुसरा मापक बसवला. पूर्ण हंगाम सकाळी साडेआठला दोन्हीकडचं पाणी मोजायचं, दोन रकान्यांत लिहायचं. काकांनी वहीवर रेघ मारून दोन मथळे घातले: "लिंबाखाली" आणि "शाळेत".