शिंजुकुला गाडी बदलायला शिकताना

नोकरीनिमित्त टोकियोला आल्यावर मला घर मिळाले ते फुनाबोरीला, तोएई शिंजुकु या भुयारी मार्गावर, आणि कार्यालय होते ओदाक्यू मार्गावरील नोबोरितोजवळ. या प्रवासात गाडी एकदाच बदलावी लागते, परंतु ती शिंजुकुला बदलावी लागते, हे ऐकल्यावर कार्यालयातील ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला पहिल्या दिवसासाठी अर्धा तास जास्तीचा धरायला सांगितला. तो सल्ला किती मोलाचा होता, हे तिथे उतरल्यावर कळले. कोविडच्या साथीपूर्वी या स्थानकातून दिवसाला सरासरी 35 लाखांहून अधिक प्रवासी ये-जा करत असत आणि जगातील सर्वांत वर्दळीचे स्थानक म्हणून त्याची गिनेसकडे नोंद आहे. बाहेर पडण्याचे मार्ग दोनशेहून अधिक आहेत. हे आकडे वाचून माणूस दबकतो, पण प्रत्यक्षात गोंधळ आकड्यांमुळे होत नाही. आपण ज्याला एक स्थानक समजतो ती पाच वेगवेगळ्या रेल्वे चालवणाऱ्या संस्थांची, एकमेकांना खेटून आणि एकमेकांच्या खाली उभी असलेली स्थानके आहेत, आणि हे लक्षात येईपर्यंत कोणतीच पाटी पुरेशी वाटत नाही.

माझ्यापुरते सांगायचे, तर हा गुंता नकाशापेक्षा इतिहासाने आधी सुटला. 1885 मध्ये शिनागावा ते आकाबाने या मार्गावरील एक साधे स्थानक म्हणून शिंजुकु सुरू झाले. 1889 मध्ये पश्चिमेकडे ताचिकावापर्यंत जाणारा फाटा निघाला, तोच आजचा चुओ मार्ग. 1915 मध्ये केइओ या खासगी रेल्वे कंपनीचा मार्ग शिंजुकुपर्यंत आला आणि 1927 मध्ये ओदाक्यूने ओदावारापर्यंतची आपली गाडी येथूनच सोडली. पुढे 1959 मध्ये मारुनोउची हा भुयारी मार्ग पोहोचला, 1980 मध्ये तोएई शिंजुकु आणि 1997 मध्ये ओएदो. वाड्याला पिढ्यान्‌पिढ्या खोल्या जोडत जाव्यात, तसे हे झाले आहे. जो उशिरा आला त्याला उरलेली जागा मिळाली, आणि ती बहुतेक वेळा जमिनीखाली, आधीच्यापेक्षा आणखी खोल होती. ओएदोचा फलाट तर तळघराच्या सातव्या मजल्यावर आहे. हा क्रम ध्यानात ठेवला की मांडणी उलगडते. मधोमध उत्तर-दक्षिण पसरलेले जेआरचे, म्हणजे जपान रेल्वेचे, सोळा फलाट, त्यांच्या पश्चिमेला ओदाक्यू, त्याच्याही पश्चिमेला जमिनीखाली केइओ, आणि दक्षिणेला कोशु काइदो या जुन्या हमरस्त्याच्या खाली तोएई शिंजुकु. म्हणजे मला दक्षिणेकडील खोल तळातून वर येऊन उत्तरेकडे वळायचे होते. एवढे एक वाक्य मनात पक्के झाले आणि निम्मी भीती गेली.

दुसरी अडचण नावांची होती. शिंजुकु, सेइबु-शिंजुकु, शिंजुकु-सानचोमे, शिंजुकु-निशिगुची, मिनामी-शिंजुकु ही सगळी वेगवेगळी स्थानके आहेत. त्यातही ‘शिंजुकु मार्ग’ म्हणवणारे मार्ग दोन आहेत, एक तोएईचा आणि दुसरा सेइबुचा. सेइबुच्या गाड्या मुख्य स्थानकात येतच नाहीत. त्या उत्तरेला काही मिनिटे चालण्याच्या अंतरावरील सेइबु-शिंजुकु येथून सुटतात. 1952 मध्ये ते स्थानक तात्पुरते म्हणून बांधले गेले होते आणि आजही तिथेच आहे. नवख्या माणसाने कोणाला रस्ता विचारताना नुसते ‘शिंजुकु मार्ग’ न म्हणता त्याच्या आधी संस्थेचे नाव जोडावे. स्थानकांना अक्षर आणि अंक मिळून दिलेले क्रमांक असतात, त्यांचाही मला फार आधार वाटला, कारण जपानी लिपी येत नसतानाही ते वाचता येतात. तोएई शिंजुकु मार्गावर शिंजुकुचा क्रमांक एस 01 आहे, तर ओदाक्यूवर त्याच स्थानकाचा क्रमांक ओएच 01 आहे. माझे रोजचे काम म्हणजे एका 01 पासून दुसऱ्या 01 पर्यंत चालणे.

हे चालणे मी सुट्टीच्या दिवशी, गर्दी नसताना शिकलो. त्यासाठी पास आधी काढला होता, याचा मोठा उपयोग झाला. तोएई आणि ओदाक्यू या दोन्हींचा सलग पास एकाच कार्डावर निघतो, त्यावर प्रवासाचा मार्ग छापलेला असतो, आणि त्या मार्गावरील कोणत्याही स्थानकात कितीही वेळा उतरले तरी जादा पैसे पडत नाहीत. तोएई शिंजुकु आणि ओदाक्यू यांच्यामध्ये थेट बदलण्याचे गेट नाही. एका गेटमधून पूर्ण बाहेर पडून दुसऱ्यात शिरावे लागते, आणि पास असल्यामुळे या दोन गेटांच्या मध्ये मला हवे तितके भटकता आले. जेआरची गोष्ट वेगळी. तिचे गेट माझ्या पासात नव्हते, त्यामुळे नकाशावर जवळचा दिसणारा, जेआरच्या आतून जाणारा रस्ता माझ्यासाठी बंद होता. जुलै 2020 पर्यंत तर पूर्वेकडून पश्चिमेकडे जमिनीखालून जायचे झाले तरी अनेकांपुढे हीच अडचण असे, कारण मधला मोठा भुयारी मार्ग गेटांच्या आत होता. त्या महिन्यात गेट मागे सरकवून सुमारे 100 मीटर लांबीचा आणि 25 मीटर रुंदीचा तो मार्ग सर्वांना खुला झाला. ज्या पादचाऱ्यांना गाडीत बसायचेच नाही, त्यांचाही विचार एखाद्या स्थानकाने करावा, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

माझ्या वाटेत सर्वांत महत्त्वाचा निर्णय शिंजुकुला पोहोचण्याच्या आधी, फुनाबोरीच्या फलाटावरच घ्यावा लागतो. गाडी दहा डब्यांची असते. उतरल्यावर कोणता जिना समोर येणार, हे आपण कोणत्या डब्यात चढलो यावर ठरते. फलाटावर प्रत्येक दाराच्या जागी डब्याचा आणि दाराचा क्रमांक लिहिलेला असतो, आणि पुढच्या कोणत्या स्थानकात कोणत्या डब्याजवळ जिना, सरकता जिना किंवा लिफ्ट आहे, याचा तक्ता खांबावर लावलेला असतो. तो तक्ता मी वहीत उतरवून घेतला आणि एकदा डबा नक्की केल्यावर तो कधी बदलला नाही. चुकीच्या टोकाला उतरले, तर सकाळच्या वेळी संपूर्ण फलाट गर्दीच्या उलट दिशेने पार करावा लागतो, आणि वाचवलेली मिनिटे तिथेच जातात.

वर आल्यावर गेटबाहेर पडून केइओ मॉल या जमिनीखालच्या बाजारातून पश्चिम दाराच्या दिशेने चालायचे. या टप्प्यात केइओच्या पाट्या ओदाक्यूच्या पाट्यांच्या आधी भेटतात, आणि माझ्यासारख्या नवख्याचे पाऊल तिथेच अडखळते, कारण तोएई शिंजुकु आणि केइओचा नवा मार्ग यांचे फलाट एकच आहेत, गाड्याही एकमेकांच्या रुळांवर सरळ पुढे जातात, मात्र केइओचा जुना, मुख्य फलाट निराळ्या जागी आहे. मी स्वतःला घालून घेतलेला नियम साधा होता. दिशांवर विसंबायचे नाही, फक्त गेटचे पूर्ण नाव शोधायचे. ‘दक्षिण’ एवढेच म्हणून भागत नाही, कारण जेआरकडे दक्षिण, आग्नेय आणि नवे दक्षिण अशी वेगवेगळी गेटे आहेत. ओदाक्यूमध्ये शिरल्यावरही एक प्रश्न उरतो, कारण तिचे स्थानक दुमजली आहे. जलद गाड्या जमिनीवरच्या फलाटांवरून सुटतात, तर प्रत्येक स्थानकात थांबणाऱ्या गाड्या खालच्या फलाटांवरून. नोबोरितोला जलद गाडी थांबते, म्हणून मला वरच जायचे असते.

या सगळ्याची खरी परीक्षा झाली ती आई काही दिवसांसाठी आली तेव्हा. तिचे गुडघे दुखतात, आणि हाकोनेला जाण्यासाठी मी ओदाक्यूच्या रोमान्सकार गाडीची तिकिटे काढून ठेवली होती. त्या गाडीत जागा राखीव असतात आणि साध्या भाड्याखेरीज वेगळे तिकीट लागते, म्हणजे ठरलेली गाडी गाठणे भागच होते. रोजची माझी वाट जिन्यांची होती. लिफ्टची वाट पूर्णपणे वेगळी निघाली, म्हणून आदल्या आठवड्यात मी ती एकट्याने चालून पाहिली. फलाटावरून गेटपर्यंत एक लिफ्ट, तिथून वर रस्त्यापर्यंत दुसरी, मग कोशु काइदोच्या कडेने उघड्यावर चालत ओदाक्यूच्या दक्षिण गेटपर्यंत, आणि आत फलाटावर उतरायला तिसरी. जमिनीखालून जवळ पडणारे अंतर वरून लांब पडते, पण त्यात एकही पायरी नाही. त्या दिवशी लिफ्टच्या रांगेत उभे असताना आई म्हणाली, “अरे, एवढी माणसं आहेत, पण धक्का एकाचाही लागला नाही बघ.” मग जमिनीवरील पिवळ्या उंचवट्यांच्या फरशीकडे बोट दाखवून ती कशासाठी आहे, असे तिने विचारले. अंध व्यक्तींना काठीने आणि पायाने वाट कळावी म्हणून तयार केलेली ही फरशी जपानमध्येच जन्मली. सेइइची मियाके यांनी ती तयार केली आणि 1967 मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवली गेली. लांबट पट्ट्या असतील तर सरळ चालायचे, गोल ठिपके आले तर थांबून अंदाज घ्यायचा. त्यानंतर प्रत्येक वळणावर आई ठिपके आले का ते पाहत होती. गाडी सुटायच्या बऱ्याच आधी आम्ही आमच्या जागांवर बसलो होतो.

शिंजुकु टाळता येत असेल तर टाळावे, हेही मी याच काळात शिकलो, आणि त्यात मला काहीही कमीपणा वाटत नाही. तोएई शिंजुकुवरून केइओच्या मुख्य मार्गाच्या गाडीत जायचे असेल, तर शिंजुकुला न उतरता थेट पुढे जाणाऱ्या गाडीने ससाझुकापर्यंत जावे. तिथे दोन्ही गाड्या एकाच फलाटाच्या दोन बाजूंना लागतात. यामानोते या जेआरच्या वर्तुळाकार मार्गावरून ओएदोकडे जायचे असेल, तर शेजारचे योयोगी हे छोटे स्थानक कितीतरी सोपे आहे. जेआरच्याच चुओ मार्गाची जलद गाडी आणि सोबु मार्गाची धिमी गाडी यांच्यात बदल करायचा असेल, तर ओचानोमिझुला फलाट ओलांडला की काम होते. खुद्द शिंजुकुतही असा एक सुबक कोपरा आहे. 13 क्रमांकाच्या फलाटावर चिबाकडे जाणारी सोबु आणि त्याच्या पाठीला पाठ लावून 14 वर शिबुयाकडे जाणारी यामानोते, तर 15 वर इकेबुकुरोकडे जाणारी यामानोते आणि 16 वर नाकानोकडे जाणारी सोबु. शंभर वर्षांहून अधिक काळ तुकड्यातुकड्यांनी वाढलेल्या या जागेत दोन जिन्यांवरून चार दिशा हाताशी येतात, आणि ज्यांनी रुळांची ही मांडणी केली त्यांच्याविषयी मला आदर वाटतो.

आता पश्चिमेकडील बाजूची पुनर्बांधणी सुरू आहे. ओदाक्यूच्या डिपार्टमेंट स्टोअरची मुख्य इमारत ऑक्टोबर 2022 मध्ये बंद झाली आणि त्यानंतर पाडकाम सुरू झाले. त्यामुळे कालची वाट आज पत्र्याच्या भिंतीआड गेलेली असू शकते. बदल होण्यापूर्वी नव्या वाटेची सूचना आणि तारीख भिंतीवर लावलेली असते. नेहमीच्या वाटेवरून जातानाही मी त्या सूचना थांबून वाचतो, आणि माझ्या वहीतील तक्त्यात तेवढी दुरुस्ती त्याच दिवशी करून ठेवतो.