तुम्ही विचारलंत म्हणून: पॅसेजमध्ये साधं बटण का?

घरी येणारं जवळजवळ प्रत्येक माणूस हे विचारतं. सगळ्या खोल्यांतले दिवे फोनवर चालतात, आणि पॅसेजमध्ये, बाथरूमच्या बाहेर मात्र तेच जुनं टक् वाजणारं बटण. "इथलं करायचं राहिलंय का?" नाही, राहिलेलं नाही. तिथेही केलं होतं, मग मुद्दाम काढून टाकलं. पाठोपाठ दुसरा प्रश्न असतोच: "बरं, आम्ही कोणता स्मार्ट स्विच घेऊ? एक नाव सांगून टाक." मी नाव सांगायच्या ऐवजी भिंतीबद्दल विचारायला लागले की लोकांना वाटतं मी टाळतेय. दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकदाच नीट लिहिते.

भिंतीबद्दल विचारते, कारण स्विचचा सगळा खेळ तिथे ठरतो. तुमच्या बोर्डात न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, आहे का? साध्या बटणाला ती लागत नाही. वीज आणणारी फेज बटणात येते, बटणातून दिव्याकडे जाते, न्यूट्रल परस्पर दिव्याच्या होल्डरला गेलेली असते. त्यामुळे कित्येक घरांत बोर्ड उघडला तर आत न्यूट्रल सापडतच नाही. स्मार्ट स्विचला मात्र दिवा बंद असतानाही जागं राहावं लागतं, नाहीतर तुमचा हुकूम ऐकणार कोण? न्यूट्रल नसेल तर तो स्वतःपुरती वीज दिव्यातूनच ओढतो. जुन्या शंभर वॅटच्या बल्बला तेवढ्या करंटचा पत्ताही लागत नसे. पाच वॅटचा एलईडी मात्र बरेचदा बंद केल्यावरही मिणमिणत राहतो, नाहीतर लुकलुकतो. दिव्याला समांतर बायपास कपॅसिटर, म्हणजे त्या थोड्या करंटला बाहेरून वाट देणारा छोटा भाग, लावला की बहुतेक वेळा हे थांबतं, पण तो लावायला छतातल्या होल्डरपर्यंत पोचावं लागतं. आणि न्यूट्रल नाही म्हणून कुणी अर्थिंगची वायर न्यूट्रलसारखी वापरायचा सल्ला दिला, तर त्या माणसाला तुमच्या बोर्डाला हात लावू देऊ नका. ती वायर जीव वाचवण्यासाठी असते.

मग येतो लोड. स्विचवर लिहिलेले दहा अँपिअर हे बहुधा हीटरसारख्या सरळ लोडसाठी असतात. एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारं सर्किट, चालू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. एकाच बटणावर भरपूर एलईडी असतील तर रिलेचे, म्हणजे स्विचमधल्या विजेवर उघडझाप होणाऱ्या बटणाचे, कॉन्टॅक्ट चिकटू शकतात. मग ॲपमध्ये दिवा बंद दिसतो आणि प्रत्यक्षात चालूच राहतो. दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारा डिमर पंख्याला लावू नका, हेही मी सांगून थकले. यातलं काहीच कंपनीचं नाव ऐकून कळत नाही.

लोकांना चर्चा हवी असते ती वाय-फाय की झिग्बी, म्हणजे स्विचने कुठल्या वायरलेस पद्धतीने बोलायचं, याची. करू या, पण लवकर संपवू. वाय-फायला वेगळा हब, म्हणजे सगळ्या उपकरणांना जोडणारी मधली डबी, लागत नाही, पण प्रत्येक स्विच राउटरवर बसतो. झिग्बीला हब लागतो. तीही वाय-फायसारखी २.४ गिगाहर्ट्झवरच चालते, म्हणून चॅनल नीट निवडावे लागतात. झेड-वेव्ह ही तिसरी पद्धत भिंतींतून जास्त चांगली जाते, पण तिची फ्रीक्वेन्सी प्रदेशागणिक वेगळी, युरोपात ८६८ मेगाहर्ट्झच्या आसपास तर अमेरिकेत ९०८च्या. युरोपातून आणलेला स्विच अमेरिकेतल्या हबशी बोलणार नाही. मॅटर या, सगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकमेकींशी जुळाव्यात म्हणून केलेल्या मानकाची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२मध्ये आली आणि तेव्हापासून मला सांगितलं जातंय की आता सगळे प्रश्न मिटले. मॅटरने एक चांगलं काम केलं, एका कंपनीचा स्विच दुसऱ्या कंपनीच्या ॲपमध्ये दिसू लागला. मला छळणारा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: मधलं काहीतरी मेलं तर भिंतीवरच्या बटणाने दिवा लागतो का?

हा प्रश्न मी घरात हे सगळं बसवलं तेव्हाही विचारला होता, एवढं मला ठासून सांगायचं आहे. मी डोळे मिटून वस्तू घेतल्या नव्हत्या. गूगलच्या नेस्टने २०१४मध्ये स्मार्ट हब बनवणारी रिव्हॉल्व कंपनी विकत घेतली आणि मे २०१६मध्ये तिचे हब बंदच करून टाकले. एप्रिल २०२२मध्ये स्मार्ट स्विच बनवणाऱ्या इन्स्टिऑनचे सर्व्हर ग्राहकांना न कळवता बंद पडले. हे मला माहीत होतं. म्हणून मी कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर न विसंबता घरातल्या घरात चालणारा हब उभा केला. इंटरनेट गेलं तरी माझ्या घरचे दिवे लागत होते, आणि मला वाटत होतं की धोका ओळखला, बंदोबस्त झाला.

पॅसेजमध्ये स्मार्ट बल्ब होता. संध्याकाळी पांढरा, रात्री मंद पिवळसर असा उजेड मला हवा होता. स्मार्ट बल्बची वीज कुणी तोडायची नसते. बटण बंद केलं की बल्ब मुका होतो, आणि निरोप पुढे पोचवणाऱ्या झिग्बीच्या जाळ्यातला एक दुवाही गळतो. म्हणून मी जुनं बटण काढून वायरी आत कायमच्या जोडून घेतल्या आणि त्या जागी बॅटरीवर चालणारं वायरलेस बटण बसवलं. दाबलं की निरोप हबला, हबकडून बल्बला. बाथरूमबाहेर आणि आईच्या खोलीतही हीच सोय.

मग एका रात्री मी बाहेरगावी होते आणि आई घरी एकटी होती. लाइट गेली आणि लगेच आली. आईला जाग आली, बाथरूमला जायचं होतं. तिने बटण दाबलं, काही झालं नाही. मग तिने तेच केलं जे ती आयुष्यभर करत आली आहे. मोबाइलच्या उजेडात मेन बोर्डापाशी गेली, एमसीबी खाली केला, वर केला. पण बल्बचं सेटिंग होतं 'वीज आल्यावर आधी होता तसाच', आणि आधी तो बंद होता. तिने पुन्हा पुन्हा केलं. तिचं काहीही चुकत नव्हतं. मग तिने मला फोन लावला.

"अगं, दिवा लागत नाहीये."

"कुठला?"

"एकही नाही. फ्रिज चालू आहे, आवाज येतोय."

मी ॲप उघडलं. वरपासून खालपर्यंत सगळं करडं, ऑफलाइन. मी म्हटलं, आई, हॉलमध्ये पुस्तकांच्या कपाटामागे एक छोटी पांढरी डबी आहे, तिची पिन काढ आणि परत लाव. टॉर्च चालू ठेव, फोन ठेवू नकोस. ती म्हणाली, बरं. तिचा श्वास ऐकू येत होता. "कपाट धरलंय," म्हणाली. मग कशाला तरी पाय अडखळल्याचा आवाज आला, फोन आपटल्याचा आला, आणि त्यानंतर ती माझ्याशी बोलत नव्हती, नुसतं "आई गं, आई गं" म्हणत होती. मी तिकडून हाका मारत राहिले.

शेजारच्या काकूंकडे किल्ली होती. त्यांना फोन करायला मला आईचा फोन कट करावा लागला, आणि ते बोट माझ्याच्याने उचलवत नव्हतं. आईचं डावं मनगट मोडलं होतं.

परत आल्यावर मी हब उघडला. वीज जाताना मेमरी कार्डवरची फाइल खराब झाली होती. ती पिन कितीही वेळा काढून लावली असती तरी हब उठला नसता. ज्या कामासाठी मी तिला अंधारात पाठवलं, ते होण्यासारखंच नव्हतं.

हे सांगितलं की समोरचा लगेच उपाय सांगतो. हबला यूपीएस लाव. मेमरी कार्डऐवजी एसएसडी टाक. बल्बचं सेटिंग 'वीज आल्यावर चालू' असं ठेव. मला हे सगळे उपाय माहीत आहेत. तेव्हाची मी असते तर मीही हेच सांगितलं असतं, आणि त्या तेव्हाच्या मीशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. ते सेटिंग आधी 'चालू'वरच होतं. रात्री लाइट जाऊन आली की घरभर झगझगाट व्हायचा. आईचीच झोप मोडायची, तिनेच सांगितलं की याचं काहीतरी कर. झिग्बीत बटण आणि बल्ब थेट बांधता येतात, मग मध्ये हब लागत नाही, हेही मला माहीत होतं. पण तसं केलं की वेळेप्रमाणे बदलणारा उजेड त्या बटणावर मिळत नव्हता, म्हणून मी नाही केलं. मी उजेडाचा रंग निवडला. माझ्या स्वतःच्या बेडरूममध्ये आजही तोच निवडते, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

बाकीच्या खोल्यांत आता बटणामागे रिले मॉड्यूल, म्हणजे दिवा चालू-बंद करणारे छोटे स्मार्ट ठोकळे, आहेत. भिंतीवर नेहमीचंच बटण, मॉड्यूल मागच्या डबीत. हब मेला, वाय-फाय गेलं, तरी बटण दाबलं की दिवा लागतो. नाव विचारणाऱ्यांना मी हाच प्रकार सुचवते, डबी पुरेशी खोल असेल आणि तिच्यात न्यूट्रल असेल तर. पण पूर्ण खात्री त्याचीही देत नाही. तिथे बटण दिव्याची वीज स्वतः जोडत नाही, मॉड्यूलला फक्त खूण करतं. कोंदट डबीत तापून मॉड्यूलच गेलं तर बटणही गेलं. म्हणून पॅसेज आणि बाथरूमला मॉड्यूलही नाही. फेज, बटण, दिवा, एवढंच. "एवढं येतं आणि इथे काहीच नाही?" असं कुणी म्हटलं की मला राग येतो. मला येतं म्हणूनच तिथे काही नाही.

गंमत वाटेल, पण या निर्णयावर आईच खूश नाही. तिच्या खोलीतला दिवा ती आवाजावर चालवते आणि तिला ते फार सोयीचं वाटतं. मनगट अजून थंडीत दुखतं, तरी तिचं म्हणणं की पॅसेजमध्येही आपोआप लागणारा दिवा हवा, अंधारात बटण चाचपायला नको. भावाने मधला मार्ग काढलाय: हब नाही, ॲप नाही, माणसाची हालचाल ओळखणारा साधा पीआयआर सेन्सर, बटणाला समांतर जोडलेला, म्हणजे सेन्सर बंद पडला तरी बटण आपलं काम करेल. वायरिंगच्या हिशेबाने त्याचं बरोबर आहे. पण रात्री ती वाटेत भिंतीला टेकून थोडा वेळ स्तब्ध उभी राहिली आणि सेन्सरने दिवा घालवला तर? भाऊ म्हणतो टायमर वाढव. आईने होकार दिलाय, मी अजून दिलेला नाही.