अर्जदाराचा जमिनीशी संबंध काय?

जुन्या गावनकाशांच्या नकलेच्या अर्जातील एक रकाना मला अजूनही झोपेत दिसतो: ‘अर्जदाराचा सदर जमिनीशी संबंध’. तलावांवरील माझ्या पीएच.डी.चे सात महिने या एका रकान्याने घेतले. कनिष्ठ विद्यार्थी मला प्रवेश परीक्षा, १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क आणि समितीपुढील सादरीकरण यांविषयी विचारतात. त्यातले मला आज फारसे काही आठवत नाही, म्हणजे ते ठीकच पार पडले असावे. मुलाखतीत ‘हा विषय भूगोलाचा की पर्यावरणशास्त्राचा?’ असा प्रश्न आला होता. नेट परीक्षेत भूगोलाचा विषय क्रमांक ८० आणि पर्यावरणशास्त्राचा ८९ आहे, पण तलावाला त्याची कल्पना नाही, असे मी म्हणाले आणि एक परीक्षक हसले, एवढे मात्र लक्षात आहे.

विषय होता नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यातील पाच गावांचे मालगुजारी तलाव. पूर्व विदर्भात मालगुजारीच्या, म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या काळात बांधलेले हे तलाव १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर सरकारजमा झाले आणि त्यांपैकी लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे गेले. पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या भिंतीवर उभे राहिले की एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला धानाचे बांध दिसतात. परंतु अनेक ठिकाणी पाण्याच्या जागी बेशरमाची झुडपे आहेत, आणि काठाच्या शेतांनी तलावाच्या पोटात किती पाय पसरले आहेत, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. मला नेमके तेच मोजायचे होते. त्यासाठी तलावाची मूळ हद्द हवी होती.

येथे माझ्या सोबतच्या विद्यार्थ्यांविषयी सांगणे आवश्यक आहे. एक मैत्रीण नागपूर शहराच्या उष्णतेवर काम करते. लँडसॅट उपग्रहांची चित्रे २००८ पासून मोफत असल्याने तिची बहुतेक सामग्री एका पावसाळ्यात जमा झाली. दुसरा काटोल-नरखेड भागातील संत्राबागा आणि खालावणारे भूजल यांवर लिहितो. तिसऱ्याने २३ सप्टेंबर २०२३ रोजी अंबाझरी तलाव ओसंडून नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तो पूर घेतला. तासातासाच्या पावसाच्या नोंदी मिळवताना त्याची माझ्याइतकीच दमछाक झाली. उपग्रहावर ज्यांचे भागले ते पुढे गेले आणि ज्यांना एखाद्या कपाटाचे कुलूप उघडून घ्यावे लागले ते मागे राहिले. आपली संशोधनाची आवड कोणती, हे पुष्कळदा मागून ठरते आणि हाती काय लागते हे आधी, असे मला आता वाटते. तेव्हा हे कोणी सांगितले असते तर मी त्याच्याशी भांडले असते.

उपग्रहावर माझे का भागले नाही, तेही सांगते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे ५५ ओ/८ हे नकाशापत्रक मी घरबसल्या उतरवून घेतले. त्याचे प्रमाण १:५०,००० आहे. दोनशे मीटर लांब आणि शंभर मीटर रुंद, म्हणजे दोन हेक्टरांचा तलाव त्यावर चार मिलिमीटर बाय दोन मिलिमीटर दिसतो, तांदळाच्या कणीएवढा. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रात त्याच तलावाचे दहा मीटरचे दोनशे चौकोन पडतात, पण त्यांत आजचे पाणी दिसते. तलावाचे जुने पोट दिसत नाही. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर आजच्या हद्दी आहेत. आपल्याकडील जुना गावनकाशा मात्र एका मैलाला सोळा इंच, म्हणजे १:३,९६० या प्रमाणात काढलेला असे, आणि त्यावर हाच तलाव पाच सेंटिमीटर बाय अडीच सेंटिमीटर भरतो. जवळपास काडेपेटीएवढा! शिवाय तलावाच्या पाण्यावर, गाळावर आणि मासेमारीवर कोणाचा हक्क होता, ते निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या नोंदींत सापडते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये त्यांची अनुक्रमे १६१ आणि १६५ ही कलमे आहेत. अर्जात हे कलम क्रमांक आधीच लिहावेत, कारण ‘जुने कागद पाहिजेत’ असे म्हटले की समोरचा माणूस सातबाराच काढून देतो.

ज्या कार्यालयात हे कागद होते, त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. पहिल्या खेपेला मी त्या रकान्यात ‘संशोधक’ असे लिहिले. टेबलावरच्या बाबूंनी अर्ज उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारले, ‘मॅडम, तुमचं नाव सातबाऱ्यावर आहे का?’ मी नाही म्हटले. ‘मग वारस आहात?’ तेही नाही. ‘मग संबंध काय?’ संशोधन हाच संबंध, असे मी जरा चढ्या आवाजात सांगितले, आणि ती माझी चूक झाली, कारण त्यानंतर माझा अर्ज नेहमी गठ्ठ्याच्या तळाशी सापडू लागला. बाहेर बसणाऱ्या अर्ज लिहून देणाऱ्या गृहस्थांनी ‘वारस लिहून टाका, कोण पाहतं’ असा सल्ला दिला. मी तो मानला नाही, याचे मला आजही बरे वाटते.

मार्गदर्शक मॅडमचे पत्र नेले, तर त्यावर जावक क्रमांक नव्हता. जावक क्रमांकासह नेले, तेव्हा पत्रात गावांची नावे होती, पण मौजा, पटवारी हलका (तलाठ्याचे क्षेत्र) नंबर आणि खसरा, म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा जुना क्रमांक नव्हते. तलावाचा खसरा क्रमांक मला नकाशावरूनच कळणार होता, आणि नकाशा खसरा क्रमांकाशिवाय मिळणार नव्हता! शेवटी मी गावोगाव जाऊन तलाठ्यांकडून आजचे गट क्रमांक लिहून आणले. ते घेऊन गेले, तर ‘जुने खसरे वेगळे असतात’ असे ऐकवण्यात आले. त्या दिवशी मी परतीच्या बसमध्ये कुहीपासून दिघोरीपर्यंत एक शब्दही बोलले नाही.

मग माहितीचा अधिकार आठवला. कलम ६(२) नुसार अर्जदाराने माहिती मागण्याचे कारण द्यावे लागत नाही, म्हणजे तो रकानाच उरत नाही, या आनंदात मी पाचही गावे, नकाशे, निस्तार पत्रके आणि दुरुस्तीचे खर्च असे सारे एका अर्जात कोंबले. महाराष्ट्रात असा अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. तो परत आला. या वेळी दोष सर्वस्वी माझा होता, पण उत्तराच्या मुदतीचा तिसावा दिवस उजाडेपर्यंत मी कार्यालयालाच शिव्या देत होते.

वाट दाखवली ती अभिलेख कक्षातील एका शिपाईकाकांनी. स्टुलावर बसून ते बस्त्याची, म्हणजे कागदांच्या कापडी गठ्ठ्याची गाठ सोडत होते. मान वर न करताच म्हणाले, ‘नक्कल कायले मांगता बाई? पाह्याले मांगा ना.’ नकलेसाठी संबंध लागतो, अवलोकनासाठी कोणी तो विचारत नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(जे) मध्ये अभिलेखांची पाहणी हा स्वतंत्र हक्क म्हणून दिलेला आहे. मी कायदा दोनदा वाचूनही ती ओळ ओलांडून गेले होते. एका गावाचा एक, असे दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून पाच अर्ज केले. प्रत्येकात फक्त ‘पाहणी’ हा शब्द ठेवला.

नकाशा कापडावर चिकटवलेला होता आणि घडीवर फाटलेला होता. नेमकी तलावाची पाळ त्या घडीत गेली होती, तरी तुडुमाची, म्हणजे पाणी सोडण्याच्या तोंडाची जागा एका लहान रेघेने दाखवलेली स्पष्ट दिसत होती. पट्टी, भिंग आणि ट्रेसिंग पेपर सोबत न्यावेत. पेन नेऊ नये, पेन्सिलच न्यावी. दुपारच्या जेवणानंतर जाऊ नये. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नये, हे खरे तर सर्वांत आधी सांगायला हवे होते. आणि ज्यांनी अजून संशोधन आराखडा सादर केलेला नाही, त्यांनी आधी एकदा असा बस्ता सोडवून पाहावा आणि मगच शीर्षक लिहावे. माझे शीर्षक समितीपुढे मंजूर झालेले असल्याने मला मागे फिरता येत नव्हते.

पहिल्या तलावाचे जुने क्षेत्र मी त्या दिवशी चौकोन मोजून काढले आणि आजच्या गटाशी ताडून पाहिले. काठाकडून नव्हे, तर पाटाच्या बाजूने तलाव आकसला होता. असे घडले असेल, हे मी आराखड्यात कोठेही लिहिले नव्हते. मी इतकी हरखून गेले की बस्ता बांधायला आलेल्या काकांनाच ते दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिले आणि ‘हो, तिकडं प्लॉटचा लेआउट पडला’ असे सहज सांगितले.

चार गावांचे काम झाले आहे. पाचव्या गावाचा बस्ता शिवायला गेला आहे, तो बुधवारी परत येईल असे सांगितले आहे. कोणत्या बुधवारी, ते विचारायचे राहून गेले.